बद्द आवाज

शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला मी विमानाच्या पोटाखाली गवतावर उताणा पडलो होतो. हातात प्लास्टिकच्या डोक्याची छोटी हातोडी होती. डाव्या चाकाच्या मुळापासून मागे सरकत बोट-बोट अंतरावर मी प्लायवूड वाजवत होतो. टक, टक, टक. सगळीकडून सुकं, आखूड उत्तर येत होतं. मागच्या स्पारच्या, म्हणजे पंखाचा भार पेलणाऱ्या तुळईच्या, अलीकडे आवाज बदलला. खणखणीतपणा गेला आणि बद्द वाजलं. मी पुन्हा वाजवलं. हातोडी ठेवून बोटाच्या पेरानं वाजवलं. मग खिशातला खडू काढून जेवढ्या भागातून तो आवाज येत होता तेवढ्याभोवती गोल ओढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता हे विमान स्मारकावरून उडायचं होतं.

जागा होती कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतातला मस्कोका विमानतळ, ग्रेव्हनहर्स्ट गावाच्या जवळचा. दुसऱ्या महायुद्धात इथे नॉर्वेच्या हवाई दळाची छावणी होती. तिला सगळे ‘लिटल नॉर्वे’ म्हणत. त्या वैमानिकांच्या स्मरणार्थ जुनी लष्करी विमानं ठिकठिकाणाहून उडत येऊन इथे उतरणार होती. हार्वर्ड, चिपमंक, टायगर मॉथ अशी बरीच येणार होती. पण ज्या जातीच्या विमानावर या विमानतळावरच्या पोरांनी उडायचे पहिले धडे घेतले ते फेअरचाइल्ड कॉर्नेल एकच होतं. ते आमचं होतं आणि त्याच्या लॉगबुकात सही माझी होती.

माझे वडील सावंतवाडीजवळच्या एका गावात सुतार होते. घरात रंधा, पटाशी, करवत यांच्यातच मी वाढलो. वखारीत फळी निवडायला गेले की ते आधी तिच्याकडे बघत नसत. एक टोक जमिनीवर टेकवून दुसरं हातात धरायचे आणि मधोमध बोटाच्या पेरानं वाजवायचे. ‘ह्यां बद्द वाजता. बाजूक ठेव,’ एवढंच म्हणायचे. कोकणात फणस वाजवूनच काढतात, मडकं वाजवूनच घेतात. त्यामुळे मला त्यात काही विद्या आहे असं कधी वाटलं नाही. पुढे मी विमानदुरुस्तीचं शिक्षण घेतलं, मुंबईत हँगरमध्ये नोकरी केली आणि कॅनडात येऊन इथला परवाना मिळवला. या सगळ्या काळात लाकडाशी माझा संबंध उरला नव्हता. जेट विमानात लाकूड कुठलं? ॲल्युमिनियम, टायटॅनियम, कार्बनचे थर. वडील गेले तेव्हा त्यांची हत्यारं गावातल्या एका पोराला देऊन टाकली. त्याची हळहळ मला खूप उशिरा लागली.

लागली ती कॉर्नेलमुळे. सुटीच्या दिवशी जुनी विमानं दुरुस्त करणाऱ्या एका छोट्या गटात मी कामाला जाऊ लागलो आणि पहिल्याच दिवशी या विमानाच्या पंखावर हात टेकवला. शिडाच्या कापडासारखं घट्ट ताणलेलं कापड, त्याखाली प्लायवूड, त्याखाली स्प्रूसचे स्पार. धड पोलादी नळ्यांचं, पण पंख आणि ज्याच्यावर सगळा भार येतो तो मधला भाग, ज्याला आम्ही सेंटर सेक्शन म्हणतो, तो सगळा लाकडाचा. चाकं त्यालाच जोडलेली, इंधनाच्या टाक्याही त्यातच. हे विमान मुळात अमेरिकेत मेरीलँडमधल्या हेगर्सटाउनच्या कारखान्यात घडलं. पुढे कॅनडात नायगाराजवळच्या फोर्ट इरीला फ्लीट कंपनीनं परवान्यावर दीड हजारांहून जास्त कॉर्नेल बनवली. काही हिंदुस्थानातही शिकाऊ वैमानिकांसाठी गेली होती.  पण दमट आणि उष्ण हवेत ही लाकडी अंगं टिकत नसत. सरसाचे थर सुटायचे, पाणी आत राहिलं की कुजायचं. तेव्हाच्या मेकॅनिकांनी कितीतरी पंख बदलले असतील. कुजकं लाकूड बाहेरून दिसत नाही. रंग चकचकीत असतो, कापड ताठ असतं. म्हणून वाजवायचं.

लिटल नॉर्वे हे नाव मी पहिल्यांदा वाचलं ते मात्र या विमानामुळे नाही. टोरांटोला आलो तेव्हा आमचं भाड्याचं घर सरोवरापासून चालत जाण्याजोगं होतं. बाथर्स्ट रस्ता जिथे पाण्याला भिडतो तिथे एक बाग आहे. मुलाला घसरगुंडीवर सोडून मी समोरच्या बेटावरच्या विमानतळावर उतरणारी विमानं बघत बसायचो. बागेत नॉर्वेहून आणलेला एक मोठा दगड आहे, त्यावर मजकूर कोरलेला. कित्येक रविवार मी त्याच्या शेजारी बसलो आणि तो मजकूर नीट वाचला नाही. बागेचं नावच लिटल नॉर्वे पार्क, तरी असेल कुठल्या तरी देशाची भेट, असं मी धरून चाललो होतो.

९ एप्रिल १९४० ला जर्मनीनं नॉर्वेवर हल्ला केला. दोन महिने देश लढला. ७ जूनला राजे सातवे हाकोन आणि सरकार ट्रॉम्सोहून ब्रिटिश युद्धनौकेनं इंग्लंडला निघाले. देश गेला, पण नॉर्वेची व्यापारी जहाजं जगभर समुद्रात होती. एवढा मोठा ताफा त्या काळी मोजक्याच देशांकडे होता. त्या जहाजांचं उत्पन्न परागंदा सरकारच्या हाती आलं आणि त्यातूनच हे हवाई दळ पुन्हा उभं राहिलं. दुसऱ्याच्या दयेवर नाही, स्वतःच्या कमाईवर, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. हल्ल्याआधी अमेरिकेत मागणी नोंदवलेली विमानं होतीच, कर्टिस, डग्लस आणि नॉर्थ्रॉपची. ती कॅनडात आणली. नोव्हेंबर १९४० मध्ये टोरांटोच्या किनाऱ्यावर, त्या बागेच्या जागी, बराकी उभ्या राहिल्या.

आणि पोरं यायला लागली. कशी, ते वाचताना नकाशा समोर ठेवावा लागतो. काही मासेमारीच्या होड्यांतून उत्तर समुद्र ओलांडून शेटलंडला. काही डोंगर चढून स्वीडनमध्ये, तिथून रशिया, मग सायबेरियाची रेल्वे, जपान आणि पॅसिफिक पार करून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर. काही रशियातून तुर्कस्तानात, तिथून दक्षिणेला, आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून. या वाटेच्या आठवणींत मुंबईचंही नाव येतं. ते वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. वीस-बावीस वर्षांचा एखादा मुलगा आपल्या देशापासून उलट दिशेला अर्धी पृथ्वी जाऊन बॅलार्ड पियरच्या उन्हात पुढच्या बोटीची वाट बघत उभा असेल, तेही पुन्हा आपल्याच देशाकडे लढत जाता यावं म्हणून. मी मुंबई सोडली ती पगारासाठी, व्हिसा हातात घेऊन. त्यांच्या आणि माझ्या प्रवासाची तुलना मी करत नाही. फक्त तो धक्का आठवतो.

टोरांटोची जागा लवकरच अपुरी पडली. शहर अगदी अंगाशी होतं. जून १९४१ मध्ये नॉर्थ्रॉपचं एक समुद्री विमान बंदरातल्या ‘सॅम मॅक्ब्राइड’ या फेरीबोटीवर आदळलं आणि विमानातले दोघेही, शिक्षक आणि विद्यार्थी, गेले. ती फेरीबोट अजून चालते. मुलाला घेऊन बेटावर जाताना मी तिच्या वरच्या मजल्यावर कितीदा तरी शेंगदाणे खात उभा राहिलो आहे. १९४२ मध्ये छावणी उत्तरेला मस्कोकात हलली. गुलाबी-करड्या कातळावर उभे पाइन, वळणावळणाला सरोवर, सहा महिने बर्फ. त्या पोरांना घरची आठवण येण्यासारखीच जागा. छावणीचे प्रमुख ओले रेइस्टा हे स्वतः बर्फावरचे नावाजलेले खेळाडू. १९२८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्कीवरच्या लष्करी गस्तीच्या शर्यतीत पहिल्या आलेल्या नॉर्वेच्या तुकडीचे ते नायक होते. पोरांना त्यांनी विमानाइतकंच स्कीवर आणि जंगलात घडवलं. टोरांटो आणि मस्कोका मिळून ३,३०० हून अधिक माणसं तयार झाली.

इथून निघालेले वैमानिक ३३१ आणि ३३२ या स्क्वाड्रनांमध्ये स्पिटफायर उडवू लागले, लंडनच्या ईशान्येला नॉर्थ वील्ड या तळावरून. ऑगस्ट १९४२ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या दिएपवर हल्ला झाला तेव्हा तिथल्या आकाशात ते होते. ३३० स्क्वाड्रन आइसलँडहून नॉर्थ्रॉपच्या समुद्री विमानांतून अटलांटिकवर पाणबुड्या शोधत फिरली. ती विमानं एकूण २४ च बनली होती. त्यातलं एक एप्रिल १९४३ मध्ये खराब हवेत आइसलँडच्या थ्योर्साऊ नदीत उतरवावं लागलं आणि ते बुडालं. १९७९ मध्ये ते गाळातून वर काढलं, ज्या कंपनीनं ते बनवलं होतं तिनंच कॅलिफोर्नियात ते पुन्हा उभं केलं. जगात त्या जातीचं आज तेवढं एकच पूर्ण विमान आहे. त्या दुरुस्तीचे फोटो मी इतक्या वेळा पाहिले आहेत की गंजलेल्या रिब्ज मला ओळखीच्या वाटतात.

मार्च १९४४ मध्ये जर्मनांच्या स्टालाग लुफ्ट थ्री या कैद्यांच्या छावणीतून बोगद्यानं ७६ जण निसटले. त्यातले तिघेच कायमचे सुटले. तिघांपैकी दोघे नॉर्वेचे वैमानिक, पेर बेर्गस्लंड आणि येन्स म्युलर, दोघेही लिटल नॉर्वेत शिकलेले. पकडले गेल्यावर ज्या ५० जणांना गोळ्या घातल्या त्यातही नॉर्वेचे दोघे होते, हाल्डोर एस्पेलिड आणि निल्स फुग्लेसांग.

ही सगळी नावं मला पाठ आहेत. सुटीच्या दिवशी हँगरमध्ये चहा घेताना आम्ही यावरच बोलतो. आणि तरीही शुक्रवारी संध्याकाळी गवतावर पडल्या पडल्या माझ्या डोक्यात यातलं काहीही नव्हतं. मला फक्त एक गोष्ट दिसत होती. सेंटर सेक्शनच्या खालच्या बाजूला पाणी निघून जायला जी बारीक भोकं असतात त्यातलं एक रंगानं बुजलेलं होतं. वसंतात तपासणी मी केली होती. भोकं मोकळी असल्याच्या नोंदीपुढे माझी सही होती. सगळी मी टोकदार तारेनं तपासतो. हे एक राहिलं होतं, किंवा तार नुसती रंगावर टेकून परत आली होती. ओलावा मोजायचं यंत्र लावलं. लाकडात पाणी २० टक्क्यांच्या वर गेलं की बुरशी धरते. काटा त्याच्या बराच पुढे होता.

आमचा वैमानिक सत्तरीचा. नोकरीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली, हात अजून लोण्यासारखा हलका. स्मारकावरून कुठल्या उंचीवर, कुठल्या बाजूनं यायचं, पाहुण्यांच्या डोळ्यांत सूर्य येणार नाही अशी वेळ कोणती, याचा त्याने उन्हाळाभर सराव केला होता. त्या दुपारी तोच विमान दक्षिणेतून इथवर घेऊन आला होता. मी त्याला खाली बोलावलं. तो गुडघ्यावर वाकला, खडूचा गोल पाहिला.

“वाजवून दाखवा,” तो म्हणाला.

मी वाजवलं. गोलाबाहेर, गोलाच्या आत. त्याला फरक ऐकू आला हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

“स्पारपर्यंत गेलंय?”

“कापड आणि प्लाय उघडल्याशिवाय सांगता येणार नाही.”

“दुपारी तर आलोच ना आपण यातूनच.”

“आलो. तेव्हा मला माहीत नव्हतं.”

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “सात मिनिटांचं उड्डाण आहे. वळणंही तीव्र नाहीत.”

मी उत्तर दिलं नाही. लॉगबुक उघडलं, दोष लिहिला, तारीख-वेळ घातली आणि त्याखाली सही केली. एकदा दोष लिहिला की तो दुरुस्त होऊन परत सही होईपर्यंत विमान उडू शकत नाही. हे त्यालाही माहीत होतं. तो उठला, पँटवरचं गवत झटकलं आणि मोटेलकडे निघून गेला. मला त्याचा राग आला नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही सात मिनिटांचा हिशेब केला असता. मला स्वतःचा राग आला होता, त्या एका भोकापायी.

रात्री झोप लागेना. पहाटे पाचला मी विमानतळावर परत आलो. सरोवरांवरून धुकं वर चढत होतं आणि कुठून तरी लून पक्ष्याची लांबट हाक येत होती. लिटल नॉर्वेचं स्मारक विमानतळावरच आहे. नावांच्या यादीजवळ मी उभा राहिलो. ही यादी आधीही वाचली होती, पण त्या पहाटे वाचताना नजर वेगळ्या जागी अडकत होती. शत्रूचा चेहराही न पाहता जे गेले त्यांच्यापाशी, शिकता शिकता, याच सरोवरांच्या मुलखात. अशा प्रत्येक अपघातानंतर कुणी तरी मेकॅनिक रात्री लॉगबुकाची पानं मागे उलटत बसला असेल. आपण काय पाहिलं, काय पाहिलं नाही. त्या माणसाबद्दल कुठे काही लिहिलेलं मला सापडलेलं नाही.

सकाळी नऊनंतर विमानं येऊ लागली. हार्वर्ड येतं ते आधी ऐकू येतं. प्रोपेलरची टोकं हवा फाडत येतात तो आवाज पोटात जाणवतो. पिवळीधमक विमानं गवतावर ओळीनं उभी राहिली. नॉर्वेहून आलेले पाहुणे होते, गावातली माणसं होती, शाळेची मुलं होती. आमचं कॉर्नेल ओळीच्या टोकाला. पंखांवर लाल, पांढरे, निळे पट्टे, तेव्हाच्या नॉर्वेच्या विमानांवर असायचे तसे. पोटाखाली खडूचा गोल तसाच होता. पुसायचा नाही असं मी ठरवलं होतं.

उडवता आलं नाही तरी इंजिन चालवायला हरकत नव्हती. याचं रेंजर इंजिन उलटं बसवलेलं असतं, सहा सिलिंडर खाली डोकं वर पाय. विमान उभं राहिलं की तेल पाझरून खालच्या सिलिंडरांत साचतं. तसंच सुरू केलं तर पिस्टन तेलावर आपटून इंजिन फुटतं. म्हणून आधी मॅग्नेटो बंद आहेत हे दोनदा पाहून प्रोपेलर हातानं फिरवायचा, एकेक पातं, सावकाश. कुठे अडलं तर जोर लावायचा नाही, प्लग काढून तेल काढून टाकायचं. मी पाती मोजत फिरवत होतो. वैमानिक आत बसला होता. कालपासून आमच्यात एक शब्द झाला नव्हता. मी अंगठा वर केला. त्यानंही केला. इंजिन दोनदा खोकललं, निळा धूर आला आणि मग ते एका लयीत चालू झालं. त्याच सुमाराला वरून चार हार्वर्ड गेली. लोकांनी माना वर केल्या. मी मात्र तेलाच्या दाबाच्या काट्याकडे बघत होतो.

दुपारी खूप जण विचारायला आले, हे का उडालं नाही. मी प्रत्येकाला खरं कारण सांगितलं. एक वयस्क बाई मात्र बराच वेळ पंखाशेजारी थांबल्या होत्या. नॉर्वेहून आलेल्या. त्यांनी खांद्यावरच्या पिशवीतून एक फोटो काढला. बर्फात उभ्या कॉर्नेलसमोर सहा-सात जण, सगळ्यांच्या हातांना काळं लागलेलं. डावीकडून तिसरे त्यांचे वडील. मेकॅनिक.

“लोक मला विचारतात, वडील कुठलं विमान उडवायचे,” त्या म्हणाल्या. “त्यांनी आयुष्यात एकही विमान उडवलं नाही.”

मग त्या वाकल्या, पोटाखाली पाहिलं आणि खडूच्या गोलाकडे बोट दाखवलं.

“किती दिवसांचं काम आहे?”

दिवसभरात हा प्रश्न विचारणाऱ्या त्या एकट्या. मी म्हणालो, आतला स्पार चांगला असेल तर आठवडाभर, नसेल तर हिवाळा जाईल. त्यांनी मान हलवली, फोटो पिशवीत ठेवला आणि ‘मग आठवडाभरच लागो’ असं म्हणून गेल्या.

सोमवारी सगळे निघून गेल्यावर मी तिथल्याच एका हँगरमध्ये जागा मिळवून कापड कापलं आणि प्लाय उघडला. कुजलेला भाग माझ्या तळहाताएवढा. टोचा लावला की काळपट भुगा पडत होता. पण त्याच्या कडेला स्पार होता आणि तिथे टोचा जाईना. पांढरं, घट्ट, रेषा सरळ. सरसाचा सांधाही सुटलेला नव्हता. मी आरसा घालून पाहिलं, पुन्हा वाजवलं, यंत्र लावलं. स्पार सुका होता.

वैमानिक रविवारी घरी गेलेला नव्हता. तो दोन कॉफ्या घेऊन आत आला, खाली बसला आणि बॅटरीच्या उजेडात त्यानं ते सगळं नीट पाहिलं.

“उडालं असतं,” तो म्हणाला.

“उडालं असतं,” मी म्हणालो.

नवा तुकडा बसवायचा तर चारी कडा एकास बारा अशा उतरत्या तासाव्या लागतात, म्हणजे जुन्या आणि नव्या लाकडाला चिकटायला लांब जागा मिळते. वडिलांनी ओंडक्याला ओंडका जोडताना असाच तिरका सांधा काढलेला मी पाहिला होता, मोजपट्टी न लावता. मी मोजपट्टी लावली, पेन्सिलीनं रेघ मारली आणि पटाशी हातात घेतली. अंधार होता आणि माझे दोन्ही हात गुंतलेले. त्यानं कॉफी बाजूला ठेवली, बॅटरी उचलली आणि मला रेघ दिसेल अशी धरली.